निंदणीपूर्वी गवताची ओळख



शेतातील नको असलेली झाडे काढून टाकण्याच्या कामाला मराठी मुलुखात एकच एक नाव नाही. देशावर त्याला खुरपणी म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात भांगलण, विदर्भात निंदण आणि कोकणात बेणणी. नावे वेगळी असली तरी या सर्वांमागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. काय काढावयाचे आणि काय ठेवावयाचे, हे काम करणाऱ्यास ठाऊक आहे, ही ती गोष्ट होय. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात ते ठाऊक असणे फारसे कठीण नाही. अडचण येते ती गवतातून गवत काढावयाचे असते तेव्हा. भात, गहू, नाचणी ही पिके गवताच्याच कुळातील आहेत, आणि कुरणात तर पीकही गवत व तणही गवत. तेथे हातातील खुरप्यापेक्षा डोळ्यांवर अधिक भिस्त असते.

भोपाळच्या तात्या टोपे नगरातील जवाहर चौकात हा विषय मांडताना तो केवळ खेड्यातील लोकांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. पावसाच्या पहिल्या सरी पडून पंधरा दिवस लोटले की रस्त्यांच्या कडेला, भिंतींच्या पायथ्याशी आणि रिकाम्या जागांवर जी हिरवळ उगवते, तीत हरळी, लव्हाळा, रान नाचणी, तरोटा आणि गाजरगवत अशी अनेक झाडे एकत्र असतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या लेखी ते सारे गवतच. परंतु या पाचांपैकी खरी गवते दोनच आहेत, हरळी आणि रान नाचणी. गाजरगवत हे नावापुरते गवत असून ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. तरोटा हा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींपैकी आहे. लव्हाळा गवतासारखा दिसतो, परंतु त्याचे कूळ निराळे आहे.

हा भेद केवळ शास्त्रज्ञांच्या उपयोगाचा नाही. ओळख चुकली की उपाय चुकतो. तरोट्याचे झाड शेंगा पिकण्यापूर्वी ओल्या जमिनीतून उपटले की काम संपते. लव्हाळा उपटला तर वरची पाने हाती येतात, जमिनीतील गाठी मागे राहतात आणि आठ दिवसांत पुन्हा कोंब वर येतात. हरळीवर नांगर फिरविला तर तिच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यास नवी मुळे फुटतात. काळ्या जमिनीतील कुंद्याची कांडी इतकी खोल गेलेली असतात की ती खणून काढून उन्हात वाळविल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून कोणत्याही तणाचा बंदोबस्त त्याच्या ओळखीपासूनच सुरू होतो.

गवत ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. बोटे, डोळे आणि नाक पुरेसे आहेत.

पहिली खूण खोडाची. रोपाचे खोड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून फिरवावे. गवताचे खोड गोल किंवा थोडे चपटे लागते आणि त्यावर ठरावीक अंतराने पेऱ्यांच्या गाठी असतात. लव्हाळ्याचा फुलोरा धरणारा दांडा तीनधारी असतो. तो बोटांत फिरविताना तीन कडा स्पष्ट जाणवतात आणि त्यावर गाठी सापडत नाहीत. लव्हाळ्याची पानेही तीन बाजूंना फुटलेली असतात, तर गवताची पाने दोनच बाजूंना, आळीपाळीने येतात.

दुसरी खूण पानाच्या सांध्याची. गवताच्या पानाचे दोन भाग असतात. खालचा भाग खोडाला नळीसारखा गुंडाळलेला असतो आणि वरचा पात्यासारखा मोकळा असतो. हे दोन भाग जेथे मिळतात तेथे पाते हलकेच मागे ओढून पाहिल्यास आतल्या बाजूस एक पातळ पापुद्रा किंवा केसांची बारीक झालर दिसते. तिला जिव्हिका, म्हणजे जीभ म्हणतात. काही गवतांत सांध्याच्या दोन्ही बाजूंस लहान कानही असतात. रोप फुलोऱ्यावर आलेले नसताना या जिभेची व कानांची साक्ष सर्वांत विश्वसनीय ठरते. भाताच्या रोपाला जीभही असते आणि कानही असतात. भातखाचरात त्याच्याशेजारी उगवणाऱ्या पाखडाला, म्हणजे सावा जातीच्या तणाला, ही दोन्ही नसतात. लांबून एकसारखी दिसणारी ही दोन रोपे सांधा पाहिल्याबरोबर वेगळी होतात. गव्हाच्या सांध्याजवळ केसाळ कान असतात. गव्हातील गुल्लीदंडा या तणाला ते नसतात आणि त्याचा कोवळा बुंधा मोडल्यास तांबूस रस दिसतो.

तिसरी खूण बुंध्याची. नाचणीच्या शेतातील रान नाचणी हे नाचणीचे जवळचे नातलग आहे. परंतु तिचा बुंधा पांढुरका व चपटा असून झाड जमिनीलगत चक्राकार पसरते. कुरणातील कुसळी गवताचा बुंधाही दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असतो. चौथी खूण वासाची. रोशा गवताचे पान बोटांत चुरडल्यास सुगंध येतो. पाचवी खूण तुऱ्याची. ती सर्वांत सोपी, पण सर्वांत उशिरा मिळणारी. तुरा दिसेपर्यंत थांबावे तर तणाचे बी पडावयास वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या चार खुणा शिकणे अगत्याचे आहे.

या संदर्भात शेतीच्या इतिहासातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. माणूस हजारो वर्षे पिकातून तण निवडीत आला. जे तण पिकाहून वेगळे दिसले ते उपटले गेले. पिकासारखे दिसले ते वाचले आणि त्याचेच बी पुढच्या वर्षी उगवले. अशा रीतीने निंदणाऱ्याच्या नजरेनेच पिकासारखे दिसणारे तण घडविले. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी या घटनेकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांच्या मते राय हे धान्य मूळचे गव्हातील तणच होते. माणसाची नजर जितकी तीक्ष्ण, तितके तणाचे सोंग हुबेहूब, असा हा सामना आहे.

छत्तीसगडच्या भातशेतीत या सामन्याचे ठळक उदाहरण मिळते. छत्तीसगड २००० सालापर्यंत मध्य प्रदेशाचाच भाग होता. तेथे भातात उगवणाऱ्या रानभाताला करगा म्हणतात. करगा हा भाताचाच भाऊबंद असल्यामुळे त्याची जीभ, कान, पाने सारे भातासारखे असते. वर सांगितलेली एकही खूण त्याच्यापुढे चालत नाही. त्याचे दाणे पिकताच गळून पडतात आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त काड उरते. यावर रायपूरच्या कृषी शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला. तणाला वेगळे ओळखता येत नसेल तर पिकालाच वेगळे करावे, असा तो विचार होता. जांभळ्या पानांची ‘श्यामला’ ही भाताची जात त्यातून तयार झाली. जांभळ्या शेतात हिरवे रोप दिसले की तो करगा, हे लहान मूलही सांगू शकते. मात्र हा उपाय कायमचा नव्हे. रानभाताचा आणि जांभळ्या भाताचा संकर होऊन काही हंगामांत रानभातही जांभळा होऊ लागतो, असा अनुभव भारतात पूर्वीच नोंदला गेला आहे. म्हणून अशी जात सलग अनेक वर्षे न घेता आलटून पालटून घ्यावी लागते. तण थांबत नाही, तेव्हा ओळखणाऱ्यालाही थांबून चालत नाही.

पिकातील चूक हंगामात भरून निघते. कुरणातील चूक भरून निघण्यास वर्षे लागतात, आणि तिकडे मात्र लक्ष कमी जाते. भारतातील गवताळ प्रदेशांची देशव्यापी पाहणी १९५४ ते १९६२ या काळात करण्यात आली. तिचे निष्कर्ष पां. म. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली ग्रंथरूपाने मांडले. देशातील गवताळ आच्छादनाचे त्यांनी पाच प्रमुख प्रकार ठरविले. त्यांपैकी दख्खनचे पठार, सातपुडा आणि माळवा यांना एकत्र जोडणारा प्रकार पवना व मारवेल या दोन गवतांच्या शास्त्रीय नावांनी ओळखला जातो. याचा अर्थ असा की भोपाळभोवतालच्या टेकड्यांवरील आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, अमरावतीच्या माळांवरील कुरणे मुळात एकाच घराण्याची आहेत. राज्यांच्या सीमा गवताला ठाऊक नाहीत. त्यापूर्वी १९२५ साली डब्ल्यू. बर्न्स, एल. बी. कुलकर्णी आणि एस. आर. गोडबोले यांनी पश्चिम भारतातील गवते व कुरणे यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. या विषयाची परंपरा अशी जुनी आहे.

कुरणाचा ऱ्हास एका क्रमाने होतो. पवना, मारवेल, डोंगरी ही गवते बहुवर्षायू आणि गुरांना आवडणारी असतात. मोकाट चराईत गुरे नेमकी तीच आधी खातात. त्यांना बी धरण्यास आणि मुळांत अन्न साठविण्यास उसंत मिळत नाही. त्यांची जागा कुसळी घेते. चराई तशीच चालू राहिली तर कुसळीही हटते आणि तीन फाट्यांच्या कुसळांचे, काडीसारखे बारीक अरिस्टिडा वंशाचे वर्षायू गवत पसरते. लांबून पाहणाऱ्यास डोंगर पावसाळ्यात पूर्वीइतकाच हिरवा दिसतो. परंतु दिवाळीनंतर त्यावर गुरांच्या पोटात जाण्यासारखे काही उरत नाही. हिरवा रंग म्हणजे वैरण नव्हे, हे १९७२ च्या दुष्काळात दावणीची जनावरे विकावी लागलेल्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको.

अशा कुरणात सुधारणेसाठी निंदणी करावयाची झाल्यास काय राखावयाचे ते आधी पक्के केले पाहिजे. मारवेल भारी, काळ्या जमिनीत वाढते. त्याच्या पेऱ्यांवर पांढऱ्या केसांचे कडे असते आणि फुलोऱ्यात बोटांसारख्या अनेक काड्या एकाच ठिकाणाहून निघतात. पवना मुरमाड, हलक्या जमिनीत ठोंब करून वाढतो. त्याच्या काडीच्या शेंड्यावर एकच तुरा असतो आणि तुऱ्यातील कणिशांवर उठावदार शिरा दिसतात. कुसळीचाही तुरा एकच असल्यामुळे या दोघांत गफलत होते. परंतु कुसळीच्या तुऱ्याचा खालचा भाग कुसळांवाचून हिरवा असतो, वरची तपकिरी कुसळे एकमेकांत पीळ घालून गुंतलेली असतात आणि बुंधा चपटा असतो. अंजन गवताचे कणीस मऊ केसांच्या कुंच्यासारखे असते. त्याच्यासारखीच दिसणारी राळ्याच्या वंशातील रानगवते ओळखण्याची युक्ती अशी की पिकलेले कणीस चिमटीत धरून ओढावे. अंजनाचे केस दाण्यांबरोबर गळून हाती येतात. राळ्याच्या वंशातील गवतांचे दाणे गळतात, पण केस दांड्यावरच राहतात.

कुसळीचा विचार करताना घाई करू नये. ती कुरणातील शत्रू आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. फुलोऱ्यापूर्वी कापल्यास तिची वैरण जनावरे आवडीने खातात. कुसळे धरल्यानंतर मात्र तीच मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात व जनावरांच्या तोंडाला इजा करतात. येथे तण आणि चारा यांतील अंतर झाडात नसून दिनदर्शिकेत आहे. अशा गवताला उपटण्याऐवजी वेळेवर विळा लावणे शहाणपणाचे होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने डोंगरावर चराईबंदी पाळून गवत विळ्याने कापून नेण्याची शिस्त लावली. डोंगरावरील गवताला उसंत देण्याचा तो नमुना अनेक गावांच्या परिचयाचा आहे.

चांगले गवत आणि वाईट गवत हा भेद स्थळावरही अवलंबून असतो. हरळी शेतात नको असते. बांधावर तीच माती धरून ठेवते आणि गणपतीच्या पूजेत दूर्वा म्हणून मानाने येते. रोशा गवत गुरे टाळतात, म्हणून गुराख्याला ते नको असते. निमाड आणि सातपुड्यात मात्र त्यापासून तेल काढण्याचा व्यवसाय जुना आहे. आपल्याकडे ज्याची लागवड केली जाते ते अंजन गवत ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात उपद्रवी तण ठरले आहे. तेथे ते वणव्यांना इंधन पुरविते. आपले मारवेल अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मूळच्या गवतांना हटवीत आहे. आपल्या माळावरचे थेमेडा जातीचे एक गवत ऑस्ट्रेलियातील रस्त्यांच्या कडेने पसरून तेथील शेतकऱ्यांची डोकेदुखी झाले आहे. म्हणून दूरच्या देशातील तणांची यादी आणून येथील कुरणावर चालविणे जितके चुकीचे, तितकेच बाहेरचे गवत चौकशी न करता येथे आणून पेरणेही धोक्याचे.

ही ओळख किती महत्त्वाची आहे हे वनखात्याच्या कामातही दिसून येते. कान्हा येथील कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो. १९७० साली त्यांची संख्या अवघ्या ६६ वर आली होती. त्यांना वाचविण्यासाठी जे उपाय झाले त्यांत कुरणांची जोपासना प्रमुख होती. पुढे २०१५ साली कान्ह्यातील काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आले. सातपुड्यात आणि मेळघाटात गावांचे पुनर्वसन झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतजमिनी आपोआप चांगली कुरणे होत नाहीत. तेथे प्रथम तरोटा, रानतुळस, घाणेरी, गाजरगवत यांचेच राज्य होते. ती झाडे बी धरण्यापूर्वी उपटणे, स्थानिक गवतांचे बी हिवाळ्याच्या तोंडाशी गोळा करून ठेवणे आणि पावसापूर्वी ते पेरणे, असे हे काम काही वर्षे चिकाटीने करावे लागते. चिखलदरा येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केलेले डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटात व मध्य प्रदेशातील वनांत गवतांचा अभ्यास करून वनकर्मचाऱ्यांना त्यांची ओळख करून देण्याचे काम केले आहे. तण उपटणाऱ्या हातांना आधी गवताची नावे कळावीत, हे या कामाचे मर्म होय.

आता प्रत्यक्षात काय करावे, याचा विचार करू. शेतकऱ्यांनी आणि कुरणे राखणाऱ्या गावांनी निंदणीपूर्वी एक दिवस पाहणीसाठी ठेवावा. गावातील जाणत्या स्त्रिया आणि गुराखी यांना त्या दिवशी आवर्जून पुढे करावे. कोणते गवत गाय आधी तोडते आणि कोणते सोडून देते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. राखावयाच्या ठोंबांजवळ खुंट्या रोवाव्यात. ज्या रोपाबद्दल शंका असेल ते उपटू नये. त्याला तुरा येईपर्यंत राहू द्यावे आणि तो येताच, बी पडण्यापूर्वी निर्णय घ्यावा. गाजरगवत काढताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा विकार जडतो.

अधिकाऱ्यांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. निंदणीची मजुरी साफ केलेल्या क्षेत्रावर दिली जाते तेव्हा जमीन उघडी बोडकी करणारा मजूर जलद ठरतो आणि पारख करून काम करणारा मागे पडतो. कामाचे मोजमाप किती काढले यावर न करता काय राखले यावर केले, तर कुरण वाचेल. कामाआधी मजुरांना एक तास नमुने दाखविण्याचा खर्च नगण्य आहे. तणांविषयी मार्गदर्शनासाठी जबलपूर येथे १९८९ साली सुरू झालेले तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आज तण संशोधन निदेशालय या नावाने कार्यरत आहे. चाऱ्याच्या गवतांसाठी झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे. त्यांच्या माहितीचा उपयोग करून घ्यावा.

शिक्षकांच्या हाती तर या कामाची गुरुकिल्लीच आहे. शाळेच्या आवारात वाफ्यात किंवा जुन्या डब्यांत परिसरातील दहा गवते लावावीत आणि प्रत्येकासमोर स्थानिक नावाची पाटी ठेवावी. मुलांनी पावसाळाभर त्यांची जीभ, पेरे, बुंधा आणि तुरा यांची चित्रे काढावीत. तुरे वर्तमानपत्राच्या घडीत वाळवून वहीत चिकटवावेत. या वहीस छपाईचा खर्च नाही आणि तिच्याइतके त्या गावाला लागू पडणारे पुस्तक बाजारात मिळणार नाही. ज्या आजीने गवताचे नाव सांगितले तिचे नावही मुलाने त्या पानावर लिहावे. गवतांची स्थानिक नावे अशीच टिकतात. एकदा गवताचे नाव हरवले की ते गवतही नजरेतून जाते, आणि नजरेतून गेलेल्या गवतावर खुरपे चालविताना कोणाचाही हात थबकत नाही.

जवाहर चौकातून घरी परतताना प्रत्येकाने रस्त्याच्या कडेचे एक रोप उपटून पाहावे. त्याचे खोड बोटांत फिरवावे, पानाचा सांधा उघडून जीभ शोधावी, पान चुरडून वास घ्यावा. ते तण आहे की चारा, हे एवढ्याने ठरले तर उत्तम. न ठरले तर ते घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे आणि त्यांना विचारावे. निंदणीची सुरुवात अशा विचारण्यापासून झाली, तर यंदाच्या पावसाळ्यात निदान काही ठोंब पवन्याचे आणि मारवेलाचे अधिक राखले जातील, आणि पुढील उन्हाळ्यात त्यांची किंमत गोठ्यात कळून येईल.